वसुमतीच्या चार तिकड्या

वसुमतीची आणि माझी ओळख एका खुर्चीवरून झाली. बंगळूरच्या कॅन्टोन्मेंटात एका मिशनच्या मुलींच्या शाळेत मी शिवण शिकवत होते, आणि ती खालच्या वर्गांना कानडी शिकवायला नवीन आली होती. मधल्या सुट्टीत ती टीचर्स रूममध्ये आली तर तिच्या खुर्चीत ड्रॉइंगच्या बाई ठाण मांडून बसलेल्या. ही डबा हातात धरून भिंतीशी उभी. बाईंच्या गप्पा चालल्यात आणि ही त्या उठायची वाट बघतेय. माझं डोकंच फिरलं. मी निपाणीकडची. आमच्याकडे असलं कोणी सोसत नाही.

"अगं, उठीव की त्येस्नी," मी म्हटलं. आम्ही दोघीच तिथल्या मराठी, हे मला तिच्या बोलण्यावरून आधीच कळलं होतं.

"बसू देत हो अक्का. स्वल्प वेळाने उठतील."

घंटा झाली तरी त्या उठल्या नाहीत. वसुमती न जेवता वर्गावर गेली. त्या दिवसापासून मी तिला माझ्या शेजारी बसवून घ्यायला लागले. माझं नाव भागुबाई, पण तिने मला भागक्का केलं ते कायमचं.

तिच्या घराण्याला बंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली होती. तिच्या मराठीत निम्मं कानडी होतं आणि उरलेलं इतकं जुनं की मला हसू आवरायचं नाही. वडील भीमाचार्य कीर्तनकार. देवळादेवळांतून कीर्तनं करायचे, आणि लहानपणापासून पेटीवर साथीला वसुमती. वडील गेले, पेटी माळ्यावर गेली, आणि ही थोरल्या भावाच्या घरी राहिली. भाऊ त्रिविक्रम सरकारी कचेरीत होता. त्याने जयनगरात घर बांधलं होतं. १९६१ सालची गोष्ट, तेव्हा जयनगरात घरं कमी आणि मोकळ्या साइटी, म्हणजे प्लॉट, जास्त. तिथून मार्केटला यायचं, बस बदलायची, मग कॅन्टोन्मेंट. वसुमतीचं लग्न का झालं नाही ते मी सांगत बसणार नाही. जमलं नाही, एवढंच. तिशी जवळ आली होती.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता शाळेतल्या पियानोच्या बाई, मिस रिबेरो, यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली. मंगळूरच्या होत्या, बहिणीकडे परत जायचं म्हणत होत्या. हेडमिस्ट्रेस मिस वॉलेस टीचर्स रूममध्ये आल्या आणि विचारलं, तुमच्यापैकी कोणी वाजवतं का? सगळ्या गप्प. वसुमतीही गप्प. मी तिला कोपराने ढोसलं तेव्हा कुठे तिच्या तोंडून निघालं की थोडी पेटी येते. मिस वॉलेसना वाटलं, पट्ट्या त्या पट्ट्या, हात बसला असेल. त्यांनी तिथेच सांगून टाकलं. रजेवर गेलेल्या कानडीच्या बाई डिसेंबरात परत येणार, तेव्हा ही जागा काही राहणार नाही. पण डिसेंबरातल्या वार्षिक कार्यक्रमापर्यंत वसुमतीने पियानो हातात घेतला, रोजची प्रार्थना आणि मुलींचं गाणं सांभाळलं, तर तिला कायम करू.

आणि नाही सांभाळलं तर धारवाड. तिथे वसुमतीचे मामा होते. मामी अंथरुणाला खिळलेल्या, घरात पोरंबाळं, करणारं कोणी नाही. त्रिविक्रमला या मामांनीच घरी ठेवून शिकवलं होतं. उपकार घेतले भावाने आणि फेडायचे बहिणीने. असो म्हणते खरी, पण आजही आठवलं की राग येतो. त्रिविक्रम वाईट माणूस नव्हता, हेच तर दुखणं. तो प्रेमाने म्हणायचा, "नोकरी आहे तोवर कर ग वसू, सुटली की मामांकडे जा. घरच्यासारखं घर आहे." तिला मात्र पक्कं ठाऊक होतं की एकदा त्या स्वयंपाकघरात शिरलं की मामी बऱ्या होवोत नाहीतर न होवोत, तिथून बाहेर पडणं नाही. एकदा बसस्टॉपवर तिने मला हे सांगितलं आणि पुढे म्हणाली, "भागक्का, मला नाही जायचं. पण असं कसं सांगू?"

"तोंडानं सांग की! आनि कशानं सांगतात?" मी म्हटलं. ती बस आली का बघायला पुढे सरकली.

शाळा सुटल्यावर शिकवणी सुरू झाली. मी शिवणाची मशीन झाकून हॉलमध्ये जाऊन बसायची. पहिल्या दिवशी वसुमती पियानोसमोर बसली, उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, आणि डावा हात आपोआप हवेत पुढेमागे हलायला लागला. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो. जन्मभर तिने डाव्या हाताने भाताच मारला होता, त्या हाताला स्वर म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. मी तोंडात पदर कोंबला. मिस रिबेरो मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या सुजलेल्या हाताने तो डावा हात धरला आणि पट्ट्यांवर आणून ठेवला.

मग त्यांनी सांगितलं की तीन पट्ट्या एकदम दाब. वसुमती घाबरली. तीन पट्ट्या एकदम कोण दाबतं? पेटी उघडी सापडली की घरातली लहान मुलं दाबतात, आणि वडील ओरडतात. गाणं एका वेळी एका स्वराने चालतं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. तिने सा, ग आणि प एकदम दाबले आणि चोरी केल्यासारखी मान खाली घातली.

"हे घर," मिस रिबेरो म्हणाल्या. त्या कोकणी आणि इंग्रजीची मिसळ करून बोलत, मी इथे सरळ मराठीत लिहिते. "आता दुसरं घर. आता तिसरं." त्या इंग्रजी अक्षरं सांगायच्या आणि वसुमती मनातल्या मनात आपले स्वर लावायची. सा-ग-प. ध-सा-ग. म-ध-सा. प-नी-रे. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, पांढरी एकचा षड्ज, म्हणजे पहिली पांढरी पट्टी हाच सा. त्यांना मिस रिबेरो कॉर्ड म्हणायच्या, वसुमतीने नाव ठेवलं तिकडी. चार तिकड्यांचा एक फेरा, फेरा संपला की परत पहिल्यापासून. मिस रिबेरोंचं म्हणणं असं की जगातली निम्मी गाणी या एका फेऱ्यात बसतात, आणि प-नी-रे या शेवटच्या तिकडीवर कोणालाही फार वेळ थांबवत नाही, ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होऊन सा-ग-पकडे परत यायला धडपडतो.

घरी पियानो कुठला असणार? बसमध्ये डावा हात गुडघ्यावर आणि उजवा जेवणाच्या डब्यावर ठेवून ती फेरा घोकायची. कंडक्टरला वाटायचं बाईला वात आहे. एकदा ती उभ्यानेच डब्यावर बोटं चालवत होती, तर त्याने उठून तिला आपली जागा दिली, आणि ही बिचारी लाजून त्या जागेवर बसली. महिन्याभरात हात मोकळे झाले. डाव्या हाताने भाता सोडला. प्रार्थनेची साधी गाणी ती निभावून न्यायला लागली, आणि मला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

तेव्हा कार्यक्रमाच्या गाण्याची तालीम सुरू झाली.

गाणं एका नावाड्याचं होतं, इंग्रजी. चार तिकड्यांचाच फेरा, त्यात अवघड काही नाही. एस्तर नावाची बोर्डिंगमधली मुलगी एकटी दोन ओळी गायची आणि मग मागच्या सगळ्या मुली उचलायच्या. पहिल्या ओळीला सगळं ठीक. दुसऱ्या ओळीला चाल थोडी मंदावली. तिसऱ्या ओळीला आणखी. कडवं संपेपर्यंत गाणं इतकं सावकाश झालं की मुलींचा श्वास पुरेना आणि त्या एकेक करून गप्प झाल्या. वसुमतीही थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मुली फिदीफिदी हसायला लागल्या.

मिस रिबेरोंनी काठी जमिनीवर आपटली. "तू कुणाची वाट बघतेस?"

"मुलींची," वसुमती म्हणाली.

"आणि मुली तुझी वाट बघतात!"

मला आधी कळेना. बसमध्ये वसुमतीने समजावून सांगितलं तेव्हा उमगलं. कीर्तनात बुवा पुढे आणि पेटी मागे. बुवांच्या गळ्यातून स्वर निघाला की मग पेटीने तो उचलायचा. बुवा मध्येच थांबले, शब्द आठवेनात, तर पेटीने षड्ज धरून शांत बसायचं, त्यांना सापडेपर्यंत. साथीला बसलेल्याने बुवांच्या पुढे जाणं म्हणजे उद्धटपणा. वडिलांनी तिला स्वरज्ञानाच्याही आधी हे शिकवलं होतं. आणि इथे मिस रिबेरो सांगत होत्या की मुली पोचायच्या आधी तुझी कॉर्ड तिथे पोचली पाहिजे. पुढचं घर तू दाखवायचंस, मग त्या येतील.

"कळतं मला," वसुमती म्हणाली. "पण हातांना कळत नाही. ते थांबतातच."

दिवस जात होते. ती रोज ठरवून बसायची की आज पुढे जाईन, आणि एस्तरने तोंड उघडलं की हात आदबीने मागे सरायचे. एकदोनदा जमलं, बाकी सगळं मुसळ केरात. त्यात मिस रिबेरोंची जायची तारीख आली. टांग्यात बसताना त्यांनी वसुमतीचे दोन्ही हात हातात घेतले, काहीतरी बोलायला गेल्या आणि रडल्याच. त्यांच्या मागे हॉलमध्ये उरलो आम्ही दोघी.

जयनगरातही तयारी चाललेली होती; नोकरी राहील असं तिथे कोणी धरलंच नव्हतं. वहिनीने ट्रंक उन्हात टाकली, धारवाडला थंडी असते म्हणून जुनी शाल धुऊन ठेवली. सगळं मायेने. कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशीच्या हुबळीच्या गाडीने निघायचं, त्रिविक्रम स्वतः पोचवायला जाणार. वसुमती ट्रंक उघडी दिसली की बाजूने जायची.

कार्यक्रमाच्या आठवड्यात मिस वॉलेस तालमीला येऊन दाराशी उभ्या राहिल्या. त्या दिवशी गाणं दोनदा बसलं, म्हणजे खरोखरच बसलं, चाकाखाली दगड आलेल्या गाडीसारखं. मिस वॉलेस शांतपणे म्हणाल्या की कार्यक्रमाला आपण ग्रामोफोन लावू, मुली रेकॉर्डबरोबर गातील. वसुमतीने मान हलवली. मान हलवली! मला राहवेना. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्यांना सांगितलं की जी बाई दोन महिन्यांत कुठून कुठे आली तिला शेवटच्या आठवड्यात उठवणं हे काही बरं नव्हे. मिस वॉलेसनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, ठीक आहे, वाजवू दे. पण मग त्याच दिवशी सगळ्याचा निकाल.

त्या गेल्यावर वसुमती माझ्यावर उसळली. मी तिला पहिल्यांदाच रागावलेली बघत होते.

"तुम्ही का बोललात, भागक्का? मी बोलणार होते."

"कवा? फुडल्या वर्साला?"

ती पियानोचं झाकण लावायला लागली. मला वाईट वाटलं, पण बोललेलं खोटं नव्हतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरून गेला. पुढे पाहुणे, पाद्री, पालक, आणि अगदी मागच्या रांगेत त्रिविक्रम, मफलर गुंडाळून, बहिणीला घरी न्यायला आलेला. मी मुलींचे झगे शिवले होते म्हणून मला पडद्याआड जागा होती. तिथून वसुमतीची पाठ आणि हात दिसत होते, आणि एस्तरचा अर्धा चेहरा.

सुरुवात बरी झाली. वसुमतीने फेरा दोनदा एकटीने फिरवला, एस्तर उचलून गायली, मागच्या मुली आल्या. चाल किंचित ढिली होती, पण चालली होती. मी देवाचं नाव घेत होते. दुसऱ्या कडव्याला एस्तर पुढे आली, पहिली ओळ गायली, दुसरीला तोंड उघडलं आणि थांबली. शब्द गेले. तिने पुढे बसलेल्या लोकांकडे बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

आणि वसुमतीने काय केलं? जन्मभर जे केलं तेच. सा-ग-प दाबून धरले आणि वाट बघत बसली.

पेटी असती तर निभलं असतं. भाता हलत असला की पेटीचा स्वर हवा तेवढा वेळ घुमत राहतो, बुवा पाणी पिऊन येतात तरी चालतं. पियानोचा स्वर मरतो. तिच्या बोटांखाली तो बारीक होत होत गेला, आणि मग हॉलमध्ये काहीच ऐकू येईना. कोणीतरी खोकलं. पुढच्या रांगेत मिस वॉलेसनी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट गुंतवले. मागच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. वसुमती पट्ट्या दाबून तशीच. मला ओरडावंसं वाटत होतं, अगं बये, मेला तो स्वर, सोड त्याला.

तिने मान वर केली. एस्तरकडे बघितलं. त्या पोरीच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं की तीही वाटच बघतेय, आणि इथून तिथपर्यंत त्या हॉलमध्ये दुसरं कोणी मदतीला येणार नाहीये.

वसुमतीने हात उचलले आणि प-नी-रे दाबली. नुसती दाबली नाही, दोन्ही हातांनी आपटली. मी दचकले. ती तिकडी एकदा, दोनदा, तीनदा, तालात, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठी. हॉलमधली सगळी माणसं पुढे झुकल्यासारखी झाली. चौथ्यांदा ती कोणासाठी थांबली नाही. मुली तयार आहेत की नाहीत, बघितलं नाही. सा-ग-पवर धाडकन येऊन पडली, आणि मागच्या सगळ्या मुलींच्या तोंडून एकदम कोरस फुटला, जणू कोणी त्यांच्या पाठीवर थाप मारली. एस्तरही त्यात होती. मग वसुमती पुढे पुढे आणि मुली मागे मागे. ती पुढच्या तिकडीवर आधी पोचायची, त्या धावत यायच्या. शेवटचं कडवं इतक्या जोमात झालं की पाद्रीबाबा मांडीवर ताल धरायला लागले. मी पडद्यामागे रडत होते आणि नवे झगे मुलींच्या अंगावर कसे बसलेत हे बघायचंही विसरले.

टाळ्या झाल्या. पण टाळ्या मुलींना असतात, आणि मधली ती शांतता सगळ्यांनी ऐकलेली होती.

माणसं पांगल्यावर आम्ही व्हरांड्यात आलो. त्रिविक्रम पायऱ्या चढून वर आला. त्याचा चेहरा दुःखी होता. संगीतातलं त्याला कळत होतं, कीर्तनकाराचा मुलगा तो. त्याने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे ग वसू," तो हळूच म्हणाला. "चुकतं माणसाचं. तू एवढं केलंस तेच मोप झालं. चल, वहिनी जेवायची थांबली आहे. उद्या गाडी आहे."

एवढं प्रेमाने बोलला! रागावला असता तर मी त्याचा समाचार घेतला असता. वसुमतीने त्याच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात पाहुण्यांना निरोप देऊन मिस वॉलेस आल्या. आमच्यासमोर थांबल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. त्या गप्प. त्रिविक्रम हात जोडून गप्प, मॅडम काय ते सांगतील आणि आपण निघू, अशा बेतात. मी गप्प, कारण या वेळी मी बोलणार नव्हते, काय वाटेल ते झालं तरी. दाताखाली जीभ धरून उभी होते. तिकडे शिपाई हॉलच्या खिडक्या लावत होता.

वसुमतीने पदराने डोळे पुसले.

"मॅडम," ती इंग्रजीत म्हणाली, "सोमवारच्या प्रार्थनेला कुठलं गाणं घेऊ?"

मिस वॉलेसच्या भुवया वर गेल्या. निकाल अजून त्यांनी सांगितलाच नव्हता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि वसुमती नजर न हलवता त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"ते," मिस वॉलेस शेवटी म्हणाल्या, "आता तुझं तूच ठरवत जा."

त्या वळून ऑफिसकडे गेल्या. त्रिविक्रमला इंग्रजी चांगलं येत होतं, तरी याचा अर्थ 'कायम केलं' असा, हे त्याला उमगायला वेळ लागला. मग खिशात हात घातला, बहुतेक तिकिटं चाचपली, आणि बहिणीला म्हणाला, "आणि मामांना? मामांना काय म्हणून कळवू मी?"

"वसू येत नाही म्हणून कळवा, अण्णा," ती म्हणाली, आणि त्याच्या आधी पायऱ्या उतरायला लागली.